तुम्ही विचारलंत म्हणून: हे विमान पुन्हा उडेल का?

संग्रहालयात जतन केलेल्या जुन्या लढाऊ विमानांच्या देखभालीचे काम मी काही वर्षे स्वेच्छेने करत आलो आहे, आणि दोरीपलीकडे उभे असलेले प्रेक्षक मला एक प्रश्न हमखास विचारतात: थोडी दुरुस्ती केली तर हे विमान पुन्हा उडेल का? ‘नाही’ एवढे उत्तर पुरेसे नसते, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

विमान संग्रहालयात येते तेव्हा त्यातले बरेच काही आधीच निघालेले असते. इंधन आणि हायड्रॉलिक तेल काढून टाकतात, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधली स्फोटक काडतुसे काढून ती निर्धोक करतात, आणि इंजिन पुष्कळदा वेगळेच ठेवतात. कधी कारण राजकीयही असते. अमेरिकी नौदलाने 2006 मध्ये एफ-14 टॉमकॅट निवृत्त केले तेव्हा हेच विमान इराणकडेही होते; सुटे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणून बरीच टॉमकॅट विमाने तुकडे करून नष्ट करण्यात आली. संग्रहालयात उरलेल्यांकडे पाहताना हे ठाऊक असले, की ती अधिक मोलाची वाटतात.

धातूचेही आयुष्य असते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतरण्याच्या वेळी पंखांच्या मुळाशी ताण येतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा वाढत जातात. म्हणून विमानाच्या सांगाड्याला उड्डाणाच्या तासांची मर्यादा असते आणि ती संपत आल्यावरच अनेक विमाने निवृत्त होतात. अपवाद आहेत. स्वीडनमध्ये हवाई दलाचा वारसा जपणाऱ्या एका पथकाने व्हिगेन हे जुने स्वीडिश लढाऊ जेट पुन्हा उड्डाणक्षम केले. पण 22 ऑगस्ट 2015 रोजी ब्रिटनमधील शोरहॅम येथे हवाई कसरतींच्या वेळी जुने हॉकर हंटर जेट रस्त्यावर कोसळून 11 माणसे मृत्युमुखी पडली, आणि तेव्हापासून कुणी उत्साहाने ‘उडवून बघा ना’ म्हटले, की मला आधी तो रस्ता आठवतो.

खरे काम मात्र विमान उभे राहिल्यानंतर सुरू होते, आणि याबद्दल कुणी फारसे विचारत नाही. उडणारे विमान रोज तपासले जाते. उभ्या विमानाकडे लक्ष जाते ते रंग उडाल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत गंज नुसता वर डाग पाडून थांबत नाही, तो आतून आडवा पसरतो, पत्रा फुगतो आणि जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला बारीक फोड आला, की आत पांढरी भुकटी सापडणार हे मी आता न उकरताच सांगू शकतो. विमानाच्या पोटाला पाणी निचरून जाण्यासाठी भोके असतात. ती धुळीने आणि पाखरांनी आणलेल्या काटक्यांनी बुजतात. शिवाय मागचे इंजिन काढल्याने आमचे एक विमान नाकाकडे किंचित झुकले होते, त्यामुळे जिथे भोकच नाही अशा खणात पावसाचे पाणी साचत राहिले. ते आम्हाला कळले ते दोन पावसाळ्यांनंतर, आणि त्याची हळहळ मला अजूनही आहे. टायरवरचा भार टेकूंवर घ्यावा लागतो, आणि उन्हाने कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पारदर्शक प्लॅस्टिकवर केसाएवढ्या तड्यांची जाळी उमटते. डी हॅविलँड व्हॅम्पायरसारख्या सुरुवातीच्या जेटच्या धडाचा पुढचा भाग तर प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचा आहे. असे विमान उघड्यावर ठेवणे म्हणजे लाकडी कपाट अंगणात ठेवणे होय.

उडवण्याला माझा विरोध मात्र केवळ धोक्यामुळे नाही. उडवायचे तर नळ्या, सील, तारा, ताण सोसणारे भाग बदलावे लागतील, जुना रंग खरवडावा लागेल, आणि हातात उरेल ते त्या आकाराचे दुसरेच विमान. मिग-15 ही सोव्हिएत लढाऊ जेट विमाने हजारोंनी बनली, पण 21 सप्टेंबर 1953 रोजी उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक ज्या मिगमधून दक्षिणेतील किंपो धावपट्टीवर उतरला, ते एकच आहे आणि ते अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्याचे भाग बदलून मिळवायचे ते काय? अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे असलेल्या हॉर्टेन हो 229 या जर्मन जेटच्या बाबतीत जतन करणाऱ्यांनी सुटलेले प्लायवूड बदलून विमान नवे करण्याऐवजी ते आहे तसे स्थिर करण्यावर भर दिला. मला हीच रीत योग्य वाटते.

गेल्या वर्षी एका विमानाचे पोटाखालचे पॅनेल आम्ही उघडले, तेव्हा आतल्या बाजूस मेणाच्या पेन्सिलीने केलेली खूण दिसली: एका भेगेच्या टोकाशी आडवी रेघ आणि शेजारी तारीख. भेग पुढे सरकते का, हे पाहण्यासाठी कुणा तंत्रज्ञाने ती केली असणार. भेग त्या रेघेपाशीच थांबलेली होती. आम्ही भोवतालचा गंज काढला, त्या हातभर जागेला ब्रश लागू दिला नाही, छायाचित्र घेतले आणि पॅनेल पुन्हा बसवले.