शनिवार गायब

"दादा, शनिवार गायब झाला!" म्हापशाच्या ऑफिसात पलीकडच्या टेबलावरच्या पोरीचा आवाज आला.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला वारांचा हिशोब जावा या दुसऱ्या भाषेत उतरवणं चाललं होतं. शुक्रवार बरोबर येत होता. (म्हापशात तो चुकून चालतच नाही, बाजाराचा दिवस.) पण रविवार म्हणजे शून्य, त्याचा आदला दिवस उणे एक. त्याला सातने भागल्यावर पायथन बाकी देतो सहा, म्हणजे शनिवार. जावा देतो उणे एक. चिन्ह दोन्हीकडे तेच, %. एररसुद्धा नाही.

जावा ८ पासून फ्लोअरमॉड आहे, पायथनसारखीच बाकी देणारं फंक्शन. ते लावलं, काम झालं.

पण ती पोरगी सहज म्हणाली, "दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर. मग कोड तपासणारी टेस्ट कुणाच्या बाजूने लिहायची?"

जुना कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. विचारायचं कुणाला?