श्रावणी सोमवारची पाहणी

मंडईच्या पुनर्विकासाआधी मासळीच्या भागाची पाहणी, पालिकेचा बाजार विभाग आणि आम्ही सल्लागार अशी संयुक्त, त्या विभागाने नेमकी श्रावणी सोमवारी ठेवली. तारीख काढणाऱ्याच्या घरी एकतर मासे शिजत नसावेत, किंवा भिंतीवर कॅलेंडर नसावं. पाहणीच्या वेळी ओटा रिकामा दिसला की त्याच्यापुढे 'बंद' असा शेरा पडतो आणि तो पुसून घ्यायला पुढे टेबलं झिजवावी लागतात. हे कोळणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मी आत शिरले तर ओटे गच्च भरलेले. सगळ्या जणी आपापल्या जागी, आणि अख्ख्या बाजारात एक मांदेली नाही. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत परवाना आणि रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा.

मंडईचं नाव लिहीत नाही, काम चालू आहे. मुंबईच्या जुन्या, दाटीच्या भागातली आहे, जागा पालिकेची. क्रॉफर्ड मार्केटसारखी 1869 ची, पहिल्या श्रेणीच्या वारशाची नव्हे. तशी असती तर निदान कुणी फोटो काढायला तरी आलं असतं. ही साधी आरसीसीची. गज फुगून स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं, ऑडिटमध्ये सी-1. म्हणजे रिकामी करा आणि पाडा. 2013 साली माझगावला पालिकेचीच बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून 61 माणसं गेली. तेव्हापासून सी-1 च्या कागदावर सही पटकन होते. रखडतं ते पुढचं सगळं.

लोकांना वाटतं, पुनर्विकासाचं नियोजन म्हणजे नकाशा. नकाशाची पाळी फार उशिरा येते. आधी यादी लागते: कोण, कितव्या ओट्यावर, किती चौरस फूट, परवाना कुणाच्या नावे. मंडईतला विक्रेता पालिकेचा भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. बसायची परवानगी त्या एका माणसाला दिलेली. दुसऱ्याला बसवलं तर शर्तभंग. यादीत नाव नाही तर नव्या इमारतीत जागा नाही.

आमच्या वरिष्ठ सल्लागारांनी पहिल्या आराखड्यात मासळी पहिल्या मजल्यावर टाकली होती, रस्त्यालगत दुकानं विकता यावीत म्हणून. पिशवी घेऊन जिना चढून बोंबील आणायला कोण जाणार, हे त्यांना विचारलं तर म्हणाले, सरकता जिना देऊ. खवले आणि बर्फाचं पाणी पडलेल्या पायांनी सरकता जिना! ती लढाई मी जिंकले, मासळी तळमजल्यावर राहिली. मागच्या बाजूला का होईना.

त्या मजल्याच्या फरशीचा नकाशा मी स्वतः काढला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. उतार साठास एक, ओट्यांच्या दोन रांगांमध्ये उघडं गटार, त्यावर उचलता येणारी जाळी. झाकलेलं गटार दिसायला छान, पण खवले आत अडकले की दुसऱ्या दिवशी वासाने उभं राहवत नाही. गटाराच्या शेवटी खवले अडवणारा खड्डा, तो रोज हाताने साफ होईल एवढाच खोल. टाइल्स नाहीत, घासलेला पण गुळगुळीत न केलेला दगड. ओट्याच्या पुढच्या कडेला बोटभर उंच काठ, म्हणजे बर्फ वितळला तरी पाणी गिऱ्हाइकाच्या चपलेवर न येता मागे जातं.

या तारखेचा एकच फायदा झाला. फरशी कोरडी होती, म्हणून खडू उमटला. अधिकारी पहिल्या रांगेत कागद तपासत होते तोवर मी मधल्या मोकळ्या जागेत नवा ओटा पूर्ण मापाने आखला आणि एका म्हाताऱ्या मावशीला म्हटलं, बसून बघा. ती बसली, आणि तिच्यामागून आणखी एक जण येऊन शेजारी बसली.

"पोरी, कोयता कुठं ठेवू? हिच्या मांडीवर?"

कापणारीचा हात किती लांब मागे जातो ते तिने रिकाम्या हाताने करून दाखवलं. कोपर थेट शेजारच्या ओट्याच्या रेषेपलीकडे. मी रेषा पुसून नऊ इंच सरकवली. तिने पुन्हा हात चालवला, मान हलवली.

मग त्या दोघींच्या ओट्याची पाळी आली. निरीक्षकाने विचारलं, दोघींपैकी परवाना कुणाचा? मावशी म्हणाली, "माझा. सकाळी मी बसते, सांजच्याला ही. माझे गुडघे गेले." दुसरी तिच्या नात्यातली नाही, म्हणजे वारस म्हणूनही नाव लागायचं नाही. बाजूच्या बायकांनी मावशीला गप्प करायला हाका मारल्या. निरीक्षक भला माणूस. पेन वर धरून म्हणाला, "मावशी, मला नीट ऐकू आलं नाही." तिने आणखी मोठ्याने सांगितलं.

त्याने लिहिलं, 'परवानाधारक स्वतः हजर'. ते खरंच होतं. पण सल्लागाराचा फॉर्म वेगळा असतो. त्यात प्रत्यक्ष वापराचा रकाना आहे, कारण पाणी किती, बर्फाच्या पेट्या किती, हा हिशेब त्यावरून निघतो. मी नावं न घालता लिहिलं, 'दोन पाळ्यांत वापर'. एवढ्यावर छाननीत फाइल परत आली: दोन्ही नोंदींत तफावत, खुलासा करावा, दुसरी पाळी कोणाची.

खरं लिहिलं तर शर्तभंग, ओटा जातो आणि दोघी रस्त्यावर. नाही लिहिलं तर मावशीचा ओटा वाचतो आणि दुसरी कुठल्याच कागदावर उरत नाही. मावशीनंतर तिचं काय, याला रकानाच नाही. नियम करणाऱ्यांनी पोटभाडेकरूंच्या साखळ्या मोडायला ही शर्त घातली, ते योग्यच होतं. त्या साखळ्या चालवणारे मात्र पाहणीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर हजर होते, आणि त्यांच्या नोंदींत तफावत नाही.

निरीक्षक म्हणतो, 'बर्फ साठवणुकीच्या दोन वेळा' असं लिहून द्या, मी पुढे पाठवतो. कच्चा खुलासा दोन तऱ्हांनी लिहून ठेवलाय, अजून एकही दिलेला नाही. मधे दुसरीचा फोन आला होता. मला वाटलं यादीचं विचारेल. तिला एवढंच हवं होतं की नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या शेडमध्ये संध्याकाळी दिवे असणार का. असणार, म्हटलं, नकाशात दाखवलेत.