तुम्ही विचारलेत म्हणून: समुद्राकडे काचेची भिंत का नको?

समुद्रकिनाऱ्यावर घर बांधायला निघालेली कुटुंबे पहिल्याच भेटीत मला विचारतात, की समुद्राच्या बाजूची सगळी भिंत काचेची केली तर काय बिघडले? मी वास्तुरचनाकार आहे आणि व्यवसायाच्या सुरुवातीला एका घराला तशी भिंत हौसेने दिलीही होती. समुद्र पश्चिमेला होता. वर्षाच्या आतच त्या काचेवर जाड पडदे आले आणि दुपारनंतर त्या दिवाणखान्यात कोणी बसेनासे झाले. समुद्र दिसावा म्हणून केलेला खर्च समुद्र झाकण्यात गेला, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

उष्ण किनारपट्टीवर पारा वाळवंटाइतका चढत नाही. तिथे छळते ती आर्द्रता. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. कोरड्या प्रदेशात जाड भिंती उपयोगी पडतात, कारण दिवसभर पोटात साठवलेली उष्णता त्या थंड रात्री सोडून देतात. किनाऱ्यावर रात्रही उबदारच असते, त्यामुळे जाड भिंत निवायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि नेमकी झोपेच्या वेळी ती खोली तापवत राहते. म्हणून अशा घराकडून मी आधी दोनच गोष्टी मागतो: ऊन भिंतीला लागू नये आणि माणसाच्या अंगावरून वारा वाहता राहावा. सेकंदाला १ मीटर इतकी मंद झुळूकसुद्धा हवा २ ते ३ अंश सेल्सिअसने उतरल्यासारखी वाटायला पुरते.

बंद काच या दोन्ही मागण्या नाकारते. ती ऊन आत घेते, तापलेल्या जमिनीतून आणि सामानातून निघणारी उष्णता मात्र बाहेर जाऊ देत नाही, आणि वारा अडवते ते वेगळेच. सरकत्या दारांनी हे सुटेल असे वाटते, पण दोन झडपांचे सरकते दार फार तर निम्मे उघडते. लूव्हरची, म्हणजे फिरत्या आडव्या पट्ट्यांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते आणि रिमझिम पावसातही उघडी ठेवता येते. वरून छज्जा काढू, ही सूचनाही हमखास येते. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो तेव्हा उत्तर-दक्षिण भिंतींना छज्जा सावली देतो. पश्चिमेचे कलते ऊन त्याच्या खालून सरळ आत शिरते. तिथे खोल पडवी, उभ्या पट्ट्या किंवा झाडेच लागतात.

वाऱ्याचे गणित याहून मनोरंजक आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा वाहू लागतो. म्हणजे रस्त्याच्या बाजूची जी खिडकी नकाशावर कोणाला महत्त्वाची वाटत नाही, तीच रात्रीचा वारा घरात घेते, आणि दिवसा समुद्राकडून आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाटही तीच देते. ही वाट नसेल तर वारा खिडकीशी येऊन थबकतो. त्यामुळे मी घर अरुंद आणि लांब ठेवतो, शक्य तिथे एकामागे एक दोन खोल्या टाळतो आणि आतल्या दारांच्या वर जाळीची झडप देतो. मात्र त्या झडपेतून वाऱ्याबरोबर घरातली भांडणेही फिरतात, हे आधीच सांगितलेले बरे.

वातानुकूलनाला माझा विरोध नाही. पण त्याला बंद खोली हवी आणि वाऱ्याला उघडी, तेव्हा संपूर्ण घर दोघांच्या मध्ये लटकत ठेवण्यापेक्षा एक-दोन शयनगृहे घट्ट, उष्णतारोधक करावीत आणि बाकीचे घर वाऱ्याच्या हवाली करावे. छत फिकट रंगाचे आणि आतून उष्णतारोधक हवेच, कारण दिवसभराचे सर्वाधिक ऊन तेच झेलते.

खारी हवा मात्र भावी घरमालकांच्या चर्चेत येतच नाही. तिच्यातले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून सळईपर्यंत पोहोचते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्याने तो काँक्रीट आतून फोडतो. सळईवरचा काँक्रीटचा थर जाड आणि काँक्रीट घट्ट असणे, हा यावरचा स्वस्तातला उपाय आहे, पण तो बांधतानाच करावा लागतो. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते नेहमीच्या ३०४ पेक्षा खारात जास्त टिकते. वादळाचा विचार करून पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधतो, म्हणजे वाऱ्याने खालून उचलून ते उडवले तरी घराचे छप्पर जागेवर राहते.

समुद्राचे दर्शन या सगळ्यात हरवत नाही. ते पडवीत बसून घ्यावे आणि खोलीतून बसल्या नजरेच्या उंचीवरच्या आडव्या खिडकीतून घ्यावे. त्या पहिल्या घरी पुढे मी निम्मी काच काढून लूव्हर बसवले आणि बाहेर पडवी जोडली. आता संध्याकाळी सगळे तिथेच बसतात; पडदे मात्र मालकांनी अजून काढलेले नाहीत.