गॅट्सबीच्या समोरचा किनारा

न्यूयॉर्कचे बाकीचे दिवस सगळे जे बघतात तेच बघण्यात गेले. लिहावंसं वाटतंय ते लाँग आयलंडबद्दल.

पेन स्टेशनवरून पोर्ट वॉशिंग्टनची गाडी पकडली. वाटेत फ्लशिंग मेडोज लागतं, आपल्याला यूएस ओपनमुळे माहीत असलेलं. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतलं राखेचं खोरं ते हेच. शहरातल्या कोळशाच्या राखेचे इथे डोंगर झाले होते. १९३९च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते हटवले.

ग्रेट नेकला उतरले. कादंबरीचा लेखक फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ इथे भाड्यानं राहायचा. कादंबरीतलं वेस्ट एग, नवश्रीमंतांचं, गॅट्सबी राहतो ते, म्हणजे हे गाव. मला फक्त खाडी बघायची होती. पण पाण्याकडे जाणारा रस्ता धरावा तर तो कुणाच्या तरी कुंपणाशी संपायचा. एका बागेच्या फाटकावर पाटी होती: फक्त रहिवाशांसाठी. फार राग आला. पाणी नुसतं डोळ्यांनी बघायलाही इथला पत्ता लागतो!

मग शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. पोर्ट वॉशिंग्टनच्या मेन स्ट्रीटनं चालत खाली गेलं की धक्का लागतो, सगळ्यांना खुला. समोर खाडी आणि पलीकडे ग्रेट नेकचा किनारा.

इथून कादंबरी उलटी दिसते. पुस्तकात आपण गॅट्सबीच्या हिरवळीवरून इकडे बघत असतो. आता मी डेझीच्या बाजूला होते, म्हणजे त्याच्या जुन्या प्रेयसीच्या, जी आता दुसऱ्याची बायको आहे. गॅट्सबीला तिच्या धक्क्यावरचा एक हिरवा दिवा दिसायचा, आणि तेवढ्यासाठी त्यानं तो वाडा घेतला होता. तिच्या काठावरून तर त्याचा अख्खा झगमगता वाडा दिसत असणार, उन्हाळाभर. तरी तो आपलं घर दाखवतो तेव्हा ती चकित होऊन विचारते, ते एवढं मोठं? म्हणजे घर तिच्या नजरेत होतं. कुणाचं, हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या मेजवान्या, ती रोषणाई, सगळं तिच्यासाठी, आणि तिला पत्ता नाही. हे वाचताना मला कधी एवढं लागलं नव्हतं.

डेझी परत भेटली एवढ्यावर त्याचं भागत नाही. तिनं नवऱ्याला सांगायला हवं की माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं, म्हणजे मधली पाच वर्षं पुसली जातील. कॉलेजात मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. त्या धक्क्यावर मात्र त्याची फार दया आली.

जाणार असाल तर थेट पोर्ट वॉशिंग्टन गाठा. आणि त्याआधी सातवं प्रकरण, प्लाझा हॉटेलात गॅट्सबी तिच्याकडून हेच वदवून घेऊ पाहतो त्या दुपारचं, पुन्हा वाचून जा.