भेगाळलेल्या टाचा

गेल्या रविवारी उपासना आटोपून सरकारी दवाखान्यात भाकरी-पिठलं घेऊन गेले. बायकांच्या वॉर्डातल्या एका आजींनी डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "पोरी, आधी पाय धुऊन दे गं. आठ दिस झाले, पाणी लागलं नाही."

टाचांना भेगा, भेगांत काळी माती घट्ट बसलेली, नखं वाढून आत वळलेली. मी कोमट पाणी आणलं. बोटांच्या बेचक्यांतून ओला फडका फिरवताना आजींनी डोळे मिटले. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायातलं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र वाटलं, तो इथे धुणाऱ्याच्या जागी नाही, खाटेवर बसलाय. भुकेल्याला, आजाऱ्याला जे केलंत ते मलाच केलंत, असं त्यानंच सांगितलंय ना!

आमची पणजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना उचलून आणलं, केडगावात आसरा दिला. पणजी त्यानंतरची. ती म्हणायची, बाईंनी आधी जेवू घातलं, मग अक्षरं शिकवली. घरात हे इतक्यांदा ऐकलंय, की देवाचं नाव घेतलं की मला अजूनही गरम भाताचा वास येतो.

आजींनी मग अख्खी भाकरी खाल्ली. निघताना हात धरून म्हणाल्या, "येत्या रविवारी खोबरेल आण बरं, टाचांना."

बाटली घेऊन ठेवली आहे.