तठे रोज गोळ्या चालतस म्हने

रविवारी सकाळी धुळ्याहून आईचा फोन. म्हणजे शिकागोत शनिवारची रात्र.

"भाऊ, रातले बाहेर निंघू नको. तठे रोज गोळ्या चालतस म्हने."

मी बाहेरच होतो, लॉन्ड्रीत, ओले कपडे ड्रायरमध्ये टाकत.

गोळ्या चालतात हे खोटं नाही. 2024 मध्ये या शहरात 573 खून झाले. पण 1992 मध्ये तेच 943 होते. खून होतात ते बरेचसे शहराच्या दक्षिण आणि पश्चिमेकडच्या ठरावीक वस्त्यांत. तिथे राहणाऱ्याला हे आकडे ऐकवायची माझी छाती नाही. अमेरिकाभर बघितलं तर 1991 मध्ये लाख लोकांमागे 758 हिंसक गुन्हे नोंदले गेले, 2022 मध्ये सुमारे 380. मध्ये 2020 ला खून एकदम तीसेक टक्क्यांनी वाढले, मग पुन्हा उतरले.

तरी इथल्या माणसांना विचारा. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 63 टक्के लोक म्हणाले, देशात गुन्हेगारी फार गंभीर आहे. आणि तुमच्या भागात? तिथे फक्त 17 टक्के. आईचंही तसंच. देवपुरातली आमची गल्ली चांगली, पण "धुळं आते पहिलासारखं नही." भारतात 2022 मध्ये 28,522 खून नोंदले गेले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपेक्षा कितीतरी कमी, लोकसंख्या एवढी वाढूनही. हे तिला सांगितलं तर म्हणते, मग टीव्हीवाले काय खोटं बोलतात?

हसलो खरा, पण मला हसायचा हक्क नाही.

2018 च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत होता. मलाही आला. मी तो इथून आईला पाठवला, खाली लिहिलं, "पोरांना अंगणात एकटं सोडू नका." 1 जुलैला आपल्याच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, भटक्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेवरून जमावाने ठेचून मारलं. बरीचशी सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली माणसं. पुढे व्हॉट्सॲपने भारतात आलेला मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल असं केलं. मी तर एकालाच पाठवला होता.

आईने हे बऱ्याच उशिरा सांगितलं: त्या आठवड्यात आमच्या दारी नेहमीचा किंगरीवाला, म्हणजे किंगरी हे तंतुवाद्य वाजवत भिक्षा मागणारा, आला, तेव्हा तिने आतून कडी लावून घेतली. पंधरा वर्षं आमच्याकडची भाकरी नेणारा माणूस. थोडा वेळ किंगरी वाजवत उभा होता म्हणे, मग गेला.