सही झाली, मग अडलं कुठे?

‘संमतीपत्रावर बाईंची सही आहे, अंगठा आहे, साक्षीदारसुद्धा आहे. मग तुमची समिती अजून अडून का बसलीय?’ संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवर गेल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. आता तुमच्या अभ्यासाचा प्रस्ताव अडल्यावर तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ साली एक अभ्यास सुरू झाला. डॉ. हर्बर्ट ग्रीन यांचं मत होतं, की गर्भाशयमुखावरच्या ‘कार्सिनोमा इन सिटू’ या पेशीबदलांतून पुढे कॅन्सर होत नाही. ते सिद्ध करायला काही बायकांवर पूर्ण उपचार न करता नुसती देखरेख ठेवली गेली. बायका बोलावलं की यायच्या, स्मिअर (तपासणीसाठी गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना) द्यायच्या, घरी जायच्या, पुन्हा यायच्या. आपल्यावर उपचार चाललेत, अशीच त्यांची समजूत. आपण एका अभ्यासात आहोत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. १९८४ मध्ये डॉक्टरांच्याच सहकाऱ्यांनी आकडे छापले. ज्यांचे स्मिअर पुढे नॉर्मल आले त्यांच्यातल्या १.५ टक्के बायकांना पसरणारा कॅन्सर झाला. ज्यांचे सदोषच येत राहिले त्यांच्यात हे प्रमाण २२ टक्के होतं. तरी गवगवा झाला तो १९८७ मध्ये, सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी एका मासिकात लेख लिहिल्यावर. मग न्यायाधीश सिल्विया कार्टराइट यांची चौकशी बसली आणि १९८८ मध्ये अहवाल आला.

त्या अहवालातली दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. भूल दिलेल्या बायकांवर विद्यार्थ्यांना योनीतपासणी शिकवली जात होती, त्या बायकांना न विचारता. म्हणजे संशोधन आणि शिक्षण दोन्हीकडे एकच सवय: बाई आपल्याकडे आलीच आहे, तर वापरून घ्या. ही सवय एका रुग्णालयापुरती नव्हती. अशा तपासणीआधी लेखी संमती घ्यायलाच हवी, असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांना स्पष्ट बजावलं ते २०२४ मध्ये! ‘मग विद्यार्थ्यांनी शिकायचं कसं?’ असं मला एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तावातावाने विचारलं होतं. शुद्धीवर असताना विचारून, दुसरं काय?

आता तुमच्या सहीकडे येते. सही नेहमीच बाईचं रक्षण करते असं नाही. कधी सही केलेला कागदच घरच्यांच्या हाती पडून तिला गोत्यात आणतो. जागतिक आरोग्य संघटनेने बायकांवरील हिंसेच्या संशोधनासाठी २००१ मध्ये काढलेल्या सूचना मी नव्या सदस्यांना आधी वाचायला लावते. एका घरातून एकाच बाईची मुलाखत घ्या. बाहेर सांगताना अभ्यासाला हिंसेचं नाव देऊ नका. मध्येच कुणी आलं तर विषय बदला. हे लिहिणाऱ्यांना घराच्या भिंती ठाऊक आहेत.

ज्या प्रस्तावावरून तुम्ही विचारलंत, त्यात लैंगिक संसर्गाचा अभ्यास आहे आणि संमतीपत्राची एक प्रत बाईने घरी न्यायची आहे. नियमाला धरूनच आहे ते. पण वर ठळक अक्षरांत आजाराचं नाव, आणि ती पर्स घरात आणखी कोण उघडतं हे आपल्याला माहीत नाही. शिवाय ‘नकार दिलात तरी तुमचे उपचार चालूच राहतील’ हे वाक्य तिसऱ्या पानावर, बारीक टाइपात, सहीच्या रकान्याच्याही खाली.

बायकांना अभ्यासातून वगळा, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं होतं. तो नियम १९९३ मध्ये मागे घेतला. काळजीपोटी केलेल्या त्या नियमामुळे औषधं बायकांच्या अंगी कशी लागतात, याची माहितीच तोकडी राहिली.

तेव्हा प्रस्ताव नामंजूर केलेला नाही. नकाराचं वाक्य पहिल्या पानावर आणा, आणि घरी न्यायची प्रत हवी की तुमच्याकडेच ठेवायची, हे बाईला विचारा. दोन दुरुस्त्या आहेत. पुढच्या बैठकीआधी पाठवलंत तर त्याच दिवशी निकाल लागेल.